जमिनीचे पैसे गाळ्यात घालण्यापूर्वी



ठाणे जिल्ह्यात जमिनीला आज जो भाव आला आहे, तो आपल्या वाडवडिलांच्या स्वप्नातही नव्हता. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतून आला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला. अशा कामांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम आली. शिवाय मुरबाड-शहापूरकडे आपणहून तुकडा विकणारेही पुष्कळ आहेत.

पैसा आला की सल्ला देणारेही येतात. कोणी म्हणतो गाडी घ्या, कोणी म्हणतो बंगला बांधा. त्यातल्या त्यात शहाणा म्हणवणारा पाहुणा सांगतो, "बँकेत पैसा कुजवू नका. कल्याणला नाहीतर डोंबिवलीला एक गाळा घेऊन टाका. घरबसल्या भाडे येईल."

हा सल्ला वाईट नाही. चांगल्या जागेवरचा, स्वच्छ कागदांचा गाळा कुटुंबाला म्हातारपणी आधार देतो. पण गाळा म्हणजे शेत नव्हे. शेतात एक साल पीक बुडाले तरी जमीन जागच्या जागी राहते. गाळ्याचे कागद खोटे निघाले तर खाली जमीनही नसते आणि वर छतही राहत नाही. म्हणून, बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खूर पाहतो, तसाच गाळाही पारखून घ्यावा. कसा पारखावा, तेच या लेखात सांगायचे आहे.

आधी घरात बसून ठरवा

दलालाकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी घरातच ठरवा.

पहिली गोष्ट, पैसा कोणाचा? सात-बारावर भाऊ, बहिणी, आई अशी सामाईक नावे असतील तर मोबदल्यातही त्यांचा वाटा आहे. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. बहिणीला न विचारता गाळा घेतला आणि पुढे ती कोर्टात गेली, तर दोष तिचा नाही. आधीच सर्वांना एकत्र बसवा, वाटे लिहून काढा. खरेदीखतावर बायकोचे नाव लावायचे असेल तर तेही आत्ताच ठरवा. घरातील बायकांना कागद वाचू द्या. जो प्रश्न तुम्हाला संकोचाने विचारवत नाही, तो त्या सरळ विचारतात.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. सगळी जमीन विकून गाळा घेऊ नका. महाराष्ट्रात शेतजमीन खरेदी करण्याचा हक्क कुळकायद्याने शेतकऱ्यालाच दिला आहे. शेवटचा गुंठा विकून तुम्ही भूमिहीन झालात, तर उद्या पुन्हा शेत घ्यायचे म्हटले तरी तुमच्याच वाटेत हा कायदा उभा राहील. ज्यांची सर्व जमीन सरकारी संपादनात गेली त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. तिच्या अटी आणि मुदत तहसील कचेरीत विचारून घ्या. बाकीच्यांनी थोडी तरी जमीन नावावर राखावी. ती मुलांची शेतकरी म्हणून ओळख आहे.

तिसरी गोष्ट कराची. सरकारी संपादनाचा मोबदला आणि खाजगी विक्रीचे पैसे यांना आयकराचे नियम वेगवेगळे आहेत. जमीन शहराच्या हद्दीजवळ असेल तर विक्रीच्या नफ्यावर कर लागू शकतो. तो नफा पुन्हा शेतजमिनीत किंवा राहत्या घरात घातला, तर काही अटींवर सवलत मिळते. दुकानाचा गाळा घेतला म्हणून ती सवलत मिळत नाही. "गाळा घ्या, कर वाचेल" असे कोणी सांगितले तर तो करसल्लागार नव्हे, विक्रेता आहे असे समजा.

गिऱ्हाईक मोजा

मुरबाड तालुक्यात पौष महिन्यात म्हशाची यात्रा भरते. तिथली गर्दी पाहून कोणी बारमाही दुकानाचा हिशेब मांडत नाही. गाळ्याचेही तसेच आहे. दलाल तुम्हाला रविवारी संध्याकाळी जागा दाखवील. तुम्ही मात्र मंगळवारी दुपारी जा, पावसात जा, सकाळी सात वाजता आणि रात्री नऊ वाजता जा. जवळच्या चहाच्या टपरीवर बसा आणि गाळ्यासमोरून किती माणसे पायी जातात ते मोजा. मोटारी मोजू नका. भरधाव जाणारी मोटार कपबशी घ्यायला थांबत नाही.

रेल्वे कल्याणला १८५४ साली पोहोचली. तेव्हापासून या पट्ट्यातला बाजार स्टेशनच्या पायरीशी बांधलेला आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही पाहा. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर परतीच्या वेळी जे दुकान उजेडात येते, ते चालते. तेच दुकान एक गल्ली आत असेल तर ओस पडते. पूल, नवा जिना, बसथांब्याची हलवाहलव यांनीही माणसांची वाट बदलते. म्हणून समोरच्या रस्त्यावर महापालिकेचे, रेल्वेचे किंवा मेट्रोचे काय होणार आहे, ते विचारून घ्या. "मेट्रो येणार" म्हणून भाव आज वाढतो, पण स्टेशनचा जिना नेमका कोणत्या बाजूला उतरणार त्यावर गाळ्याचे नशीब ठरते.

आणि आपल्या विरळ वस्तीच्या भागातले गाळे? शहापूर, मुरबाड, किन्हवलीच्या बाजूला रस्त्याकडेला नव्या गाळ्यांच्या रांगा उभ्या राहत आहेत. पाडे विखुरलेले, माणसे थोडी, आणि गिऱ्हाईकाच्या हाती पैसा हंगामातच येतो. अशा ठिकाणी खत-बियाणे, औषधे, दवाखाना, गॅरेज, किराणा यांचा एखाददुसरा गाळा चालतो. दहा गाळ्यांची रांग चालत नाही. आसपासची गावे, घरे आणि आधीची दुकाने मोजा. एका गावाला तिसऱ्या किराणा दुकानाची गरज आहे का, याचे उत्तर कोणत्याही दलालापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

पाण्याचेही विचारा. उल्हास, काळू आणि वालधुनी या नद्यांच्या काठची वस्ती पूर जाणते. २६ जुलै २००५ रोजी पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे पाय कोरडे राहतात, पण तळमजल्यावरच्या दुकानदाराचा माल भिजतो.

पासष्ट इमारतींचा धडा

आता कागदांकडे वळू. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत जे घडले ते प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावे. तिथल्या ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट असल्याचे २०२२ साली उघड झाले. महापालिकेचे खोटे कागद तयार करून, त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणीही मिळवलेली होती. गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी कर्ज काढून त्यात घरे घेतली होती, ती साधी नोकरदार कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. त्यांनी रेराचा क्रमांक पाहिला होता, बँकेने कर्जही दिले होते. तरीही घात झाला.

त्याआधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, ठाण्याजवळ शीळ येथे लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. तेव्हा पैशाइतकाच हा जिवाचाही प्रश्न आहे.

यातून धडा हा की विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. कागद ज्या कचेरीतून निघाला, त्या कचेरीत जाऊन तो खरा आहे का, हे पाहावे. महापालिकेच्या नगररचना विभागात परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून अर्ज द्या. उत्तर लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महिना गेला तरी चालेल. गाळा पळून जात नाही, आणि "आजच विसार द्या, उद्या दुसरा घेईल" असे म्हणणाऱ्याचाच गाळा बहुधा वर्षभर रिकामा पडलेला असतो.

पाहायचे कागद

सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि त्यावरील फेरफार: इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा मूळ मालक कोण आणि बिल्डरकडे हक्क कसा आला, हे यावरून कळते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तरीही परवानगी लागते. आपल्या जिल्ह्यात अशी जमीन पुष्कळ आहे, म्हणून फेरफार मागे मागे वाचत जा.

बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा: नकाशात तुमचा गाळा 'दुकान' म्हणूनच दाखवला आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी इमारतीखालची मोटारी ठेवण्याची जागा भिंती घालून दुकान म्हणून विकतात. अशी पार्किंगची जागा गाळा म्हणून वेगळी विकता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला आहे. समोरची मोकळी सोडायची जागा अडवून पुढे काढलेला ओटाही तुमच्या मालकीचा होत नाही.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र: पहिले बांधकाम सुरू करण्याची परवानगी आहे. दुसरे बांधकाम नकाशाप्रमाणे पुरे झाल्याचा आणि इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला आहे. नवा गाळा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलाच घ्यावा. त्यात आणखी एक फायदा आहे. बिल्डरकडून बांधकाम चालू असताना घेतल्यास जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतल्यास लागत नाही.

झोन दाखला: जागेवर रस्ता रुंदीकरण, शाळा, बाग असे आरक्षण आहे का, हे विकास आराखड्यावरून कळते. कल्याण-शीळ रस्त्यासारख्या वाढत्या रस्त्यांवर हे आधी पाहावे.

सर्च रिपोर्ट: स्वतःचा वकील करून दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदी तपासून घ्या. बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचा असतो. गाळ्यावर बोजा आहे का, तो आधीच दुसऱ्याला विकला आहे का, हे सूची क्रमांक २ वरून समजते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. विक्रेता घरपट्टीची पावती आणि वीजबिल दाखवून म्हणतो, "बघा, सगळे कायदेशीर!" पण घरपट्टी बेकायदा बांधकामावरही आकारली जाते. पावती म्हणजे परवानगी नव्हे. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांत हा गोंधळ अधिक आहे. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात होती, २००२ साली ती बाहेर काढली आणि २०१५ साली पुन्हा आत घेतली. मधल्या काळात तिथे इमारती भराभर उभ्या राहिल्या आणि 'ग्रामपंचायतीची परवानगी' हे शब्द सर्रास कानी पडू लागले. अशा इमारतीत गाळा घेताना, त्या वर्षी त्या गावासाठी बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा होता आणि त्यांची सही कागदावर आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या.

जुन्या इमारतीतला गाळा घेत असाल तर सोसायटीचा भाग दाखला, थकबाकी नसल्याचे पत्र आणि इमारतीची रचना-तपासणी मागा. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. तीत नाव नाही ना, ते पाहा.

मालकी की नुसता वापर?

'गाळा घेतला' या दोन शब्दांत पुष्कळ प्रकार लपलेले असतात.

जुन्या ठाण्यात आणि कल्याणात काही दुकाने पागडीची आहेत. पागडी मोजून तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही. मालकाच्या संमतीवाचून पुढे विकता येत नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील भूखंड एमआयडीसीचे असून ते ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. या वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी कारखान्यांत मोठे स्फोट झाले. भोवतालच्या इमारतींच्या काचा फुटल्या. स्वस्त मिळतो म्हणून रासायनिक कारखान्याला लागून गाळा घेताना हे विसरू नये.

बाजार समितीच्या आवारातला गाळा समितीच्या कराराने मिळतो. करार कोणाच्या नावे आहे, मुदत किती, तो तुमच्या नावे होऊ शकतो का, हे समितीच्या कचेरीतच विचारा. नुसत्या मुखत्यारपत्रावर पैसे देऊ नका.

कागदावर हिशेब मांडा

समजा, गाळ्याची किंमत ४० लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क शेकडा ७ धरले तर २ लाख ८० हजार झाले. नोंदणी फी ३० हजार धरा. वकील आणि दलाली बाजूला ठेवली तरी ४३ लाख १० हजार गुंतले.

भाडे महिना १५ हजार आले तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. पण भाडेकरू बदलताना एक महिना गाळा रिकामा राहतो, म्हणजे १५ हजार गेले. मालमत्ता कर, सोसायटीचा खर्च, शटर-गळतीची दुरुस्ती यांचे ३० हजार धरा. हाती राहिले १ लाख ३५ हजार. शेकडा हिशेब केला तर सव्वातीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. आपल्या बँकेत जाऊन मुदत ठेवीचा दर विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

पुढे गाळ्याची किंमत वाढेल, हे खरे. पण वाढलेली किंमत गाळा विकल्यावरच हाती येते. दवाखान्याला लागणारा पैसा शटरमधून काढता येत नाही. म्हणून सर्व रक्कम एका गाळ्यात घालू नये. मुलांचे शिक्षण, आजारपण आणि विहीर-पाइपलाइन यांपुरता पैसा आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात बसेल तोच गाळा पाहा. कर्ज काढूनच घ्यायचा असेल, तर घरकर्जापेक्षा दुकानाच्या कर्जाचे व्याज सहसा जास्त असते, हे ध्यानात असू द्या. घरापेक्षा दुकानाला कर आणि विजेचा दरही जास्त असतो.

मापातही फसू नका. 'सुपर बिल्टअप ३०० फूट' म्हणजे जिना, भिंती, ओटा सगळे धरून. रेरा कायद्याप्रमाणे विक्री कार्पेट क्षेत्रावर व्हायला हवी, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. दर्शनी रुंदी किती, पाण्याचा नळ आणि संडास आहे का, माल उतरवायला टेम्पो उभा राहतो का, हेही पाहा.

पैसे देताना

रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि तो दुकानांनाही लागू आहे. बिल्डरने नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या शेकडा १० पेक्षा जास्त रक्कम घेता कामा नये. ठरल्या मुदतीत ताबा न दिल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

सर्व पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोख दिलेल्या रकमेची खरेदीखतात नोंद नसते, म्हणून व्यवहार मोडला तर ती परत मागायला तोंड राहत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर शेकडा १ कर तुम्ही कापून सरकारात भरायचा असतो. वकिलाला त्याची आठवण करा.

गाळा भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. ओळखीचा आहे, गावचा आहे म्हणून तोंडी देऊ नका. राहत्या घरासाठी ताबा परत मिळवण्याची जी जलद सोय त्या कायद्यात आहे, ती दुकानाला नाही. म्हणून भाडेकरू निवडतानाच चौकशी करा.

आपली जागा विसरू नका

शेवटी एक विचार मांडतो. ज्यांची जमीन रस्त्याला लागून आहे, त्यांनी ती विकून शहरात गाळा घेण्याआधी तिथेच काही करता येईल का, ते पाहावे. भिवंडी तालुक्यात शेताच्या जागी गोदामे झाली. काहींनी जमीन विकून टाकली. काहींनी ती नावावर ठेवून भाड्याने दिली. विकणाऱ्याला एकदाच पैसा मिळाला, ठेवणाऱ्याला दर महिन्याला मिळतो. मात्र तिथली अनेक गोदामे परवानगीवाचून उभी राहिली आणि कारवाईच्या भीतीखाली आली. तेव्हा स्वतःच्या जागेवर दोन गाळे बांधायचे तरी बिनशेती, नकाशा आणि रस्त्यापासून सोडायचे अंतर यांची परवानगी आधी घ्या. परवानगी असेल तर आपल्या बांधावरचा छोटा गाळा शहरातल्या संशयी गाळ्यापेक्षा बरा. त्याच्यावर रोज नजर राहते आणि घरचे माणूस तिथे उभे राहू शकते.

हा अंक जपून ठेवा. गाळा पाहायला निघाल तेव्हा एक वही, एक टेप आणि घरातले एक शिकलेले माणूस बरोबर घ्या. प्रत्येक कागदाचा क्रमांक वहीत उतरवा आणि त्या त्या कचेरीत तपासल्यावरच त्यापुढे खूण करा. एकाही कागदापुढे खूण व्हायची राहिली असेल, तोवर विसार देऊ नका.